दोघांचं कासव

"आपण दोघंच जाऊ" या वाक्याला मेक्सिकोतल्या आमच्या मेरिदा शहरात काडीची किंमत नाही. दोघंच म्हणून इथे कुणी कधी कुठे गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. लग्न ठरलेलं जोडपं आइस्क्रीम खायला निघालं तरी बरोबर एक धाकटा भाऊ असतो, भावाच्या जोडीला एक आत्या असते आणि आत्याला एकटं वाटू नये म्हणून आत्याची शेजारीण असते. हे सगळं मला पक्कं माहीत आहे. मी जन्मापासून याच शहरात राहतो. जमीन-नोंदणीच्या कचेरीत खिडकीमागे बसून निम्म्या शहराला मी "उद्या या" म्हणालेलो आहे, म्हणजे माणसं ओळखण्यात मी काही कच्चा नाही. तरीसुद्धा निक्ते म्हणाली तेव्हा मी मान हलवून मोकळा झालो.

निक्ते म्हणजे माझी मुलगी, एकुलती एक. दातांच्या कवळ्या बनवते. इतक्या सुबक बनवते की माझ्या सासूबाई, दोन्या गेल्मी, स्वतःचे शाबूत दात काढून तिची कवळी बसवायला निघाल्या होत्या. ही कीर्ती कशी कोण जाणे कॅनडात कॅलगरीला पोचली आणि तिथल्या एका कारखान्याने पोरीला नोकरीवर बोलावून घेतलं. मंगळवारचं विमान होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी अंगणात माझ्या जाळीच्या झोळीत पडलो होतो (आमच्याकडे पलंग पाहुण्यांना दाखवण्यापुरता असतो, माणसं झोपतात झोळीत), तेव्हा ती येऊन कडेला टेकली.

"पापा, जायच्या आधी एकदा अकुमालला जाऊ या का? कासवं बघायला. आपण दोघंच."

आता यात गोम अशी की हे कासव ती शाळेत पहिली-दुसरीत असल्यापासून मी तिला कबूल केलेलं होतं. समुद्रात पोहणारं, जिवंत, मोकळं कासव, आणि तेही त्याच्या शेजारी पोहत बघायचं. दर सुट्टीत आम्ही जाणार होतो. एका वर्षी वादळ आलं. एका वर्षी किनारा समुद्री गवताने भरला. एका वर्षी मेव्हणीचं लग्न निघालं, आणि पुढच्या वर्षी ते मोडलं, त्यातही सुट्टी गेली. मग पोरगी मोठी झाली आणि तिने विचारायचं सोडून दिलं. मला वाटलं, विसरली. मुलं विसरतात असं आपल्याला वाटतं, कारण ते आपल्या सोयीचं असतं.

"जाऊ," मी म्हटलं. "येत्या रविवारी. आपण दोघंच."

इथवर सगळं ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विल्बर्थ आला.

विल्बर्थ काउइच म्हणजे माझा कोंपाद्रे. बाप्तिस्म्याच्या वेळी निक्तेला ज्याने हातांवर धरलं तो तिचा धर्मबाप, आणि आम्हा दोघांचं नातं सख्ख्या भावांच्याही वरचं. म्हणूनच आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो. बोलता बोलता मी म्हणालो की रविवारी अकुमालला चाललोय. आता आमच्याकडची रीत अशी आहे की आपण कुठे जातोय हे सांगितलं की समोरच्याला "तुम्हीही चला" म्हणायचंच. नाही म्हटलं तर तो अपमान. आणि समोरच्याने "बघू, देवाच्या मनात असेल तर" म्हणायचं आणि यायचं नाही. या एका रीतीवर आमचं शहर चाललेलं आहे. ज्या माणसाची फाइल मी वर्षभर अडवली त्यालाही मी चार वेळा घरी जेवायला बोलावलंय. तोही सज्जन, एकदाही आला नाही.

तर मी म्हणालो, "तुम्हीही चला, कोंपाद्रे."

विल्बर्थ म्हणाला, "किती वाजता?"

मेरिदा शहर वसल्यापासून या आमंत्रणाला "किती वाजता" असं उत्तर कुणी दिलं नसेल. पण त्याचे डोळे भरून आले होते. "माझीही लेक चाललीय, कोंपाद्रे," तो म्हणाला, "तुम्ही बोलावलंत, फार बरं वाटलं." आता बोला. यावर काय म्हणणार? मी म्हटलं, "सात वाजता."

कोंपाद्रे येणार म्हणजे त्यांची बायको नेल्सी, माझी कोमाद्रे, येणार. नेल्सी येणार म्हणजे जेवण येणार. हे कळल्यावर माझी बायको लांदी म्हणाली, "हे बघ जाड्या, तुम्हा बापलेकीचं तुम्ही काय ते करा असं मी ठरवलं होतं. पण नेल्सी जाणार आणि मी घरी बसणार, हे काही दिसायला बरं दिसत नाही." लांदी येणार म्हणजे सासूबाईंना एकट्या ठेवायच्या कशा? सासूबाई येणार म्हणजे त्यांना उन्हातून धरून न्यायला मेव्हणी हवी. मेव्हणीचं लग्न मोडलं होतं ते आता परत जुळलं होतं, म्हणून तिचा नवराही. शनिवारी सकाळी विल्बर्थने फोन करून सांगितलं की मोटारीत मावणार नाही, व्हॅन ठरवलीय, आणि व्हॅनमध्ये जागा उरते ती वाया का घालवायची म्हणून त्याने त्याच्या दोन बहिणींनाही विचारलंय. त्यांनी म्हणे लगेच "किती वाजता" विचारलं. ही खोड त्या घराण्यातच असावी.

मी निक्तेकडे बघितलं. ती कपड्यांची घडी घालत होती.

"आपण दोघंच होतो ना, पापा?" एवढंच म्हणाली.

"पाण्यात आपण दोघंच," मी म्हटलं. "बाकीचे किनाऱ्यावर बसून खातील. त्यांना कशाला हवंय कासव?" मला ही तोड इतकी आवडली की मी ती दोनदा सांगितली. ती हसली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: बाकी व्हॅनभर लोक आले तरी चालतील, पण पाण्याखाली ते कासव समोर येईल तेव्हा बापलेकीने ते एकत्र बघायचं.

मी पोहण्यात तसा बेताचाच. हे सांगायला मी कुणाकडे गेलो नव्हतो, पण आमच्या कुंपणाची भिंत कमरेएवढी आहे आणि तिच्यावर कोपर टेकून आमचे शेजारी प्रोफे एर्मिलो दिवसातला बराच वेळ उभे असतात. प्रोफे म्हणजे निवृत्त शिक्षक, भूगोलाचे. जगातल्या सगळ्या समुद्रांची खोली तोंडपाठ, स्वतः गुडघ्याच्या वर कधी गेलेले नाहीत. त्यांचं म्हणणं पडलं की पाण्यात माणूस बुडतो तो पाण्यामुळे नाही, सवय नसल्यामुळे. तेव्हा सवय करायची. झोळीत पालथं पडायचं, पाण्यातला चष्मा लावायचा, श्वासाची नळी दातांत धरायची आणि दुसऱ्याने बाहेरून झोळी हलवायची. म्हणजे लाटा सरावाच्या होतात.

"तुम्ही हे कधी केलंय, प्रोफे?" मी विचारलं.

"मी शिकवतो," ते म्हणाले. "करायचं मुलांनी."

म्हणून मी केलं. अंगणात पालथा पडलो, चष्मा लावला, नळी धरली. प्रोफे भिंत ओलांडून आले आणि मन लावून झोळी हलवू लागले. मध्येच "आता ओहोटी" असंही म्हणत होते. नेमक्या त्याच वेळी सासूबाईंच्या जपमाळेच्या मंडळातल्या बायका निक्तेला निरोप द्यायला अंगणात आल्या. मला खालून फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. त्या जागच्या जागी थांबल्या. मी काही बोलायला गेलो, पण नळीतून जो आवाज निघाला त्याने दोन चपला मागे सरकल्या.

"आजारी नाहीये तो," सासूबाई म्हणाल्या. "कासवं बघायची तयारी करतोय."

"बिचारी लांदी," एक आवाज म्हणाला, आणि सगळ्याजणी आत गेल्या. माझ्या तोंडावर झोळीच्या जाळीचे चौकोन उमटले होते, ते रात्रीपर्यंत गेले नाहीत. लांदीने फोटो काढून बहिणीला पाठवला. बहिणीने कुणाकुणाला पाठवला ते मी विचारलं नाही.

दुसरा प्रश्न मिशीचा निघाला. प्रोफेंनी चष्मा हातात घेऊन सांगितलं की याचं रबर कातडीला चिकटून बसायला हवं, मिशी मध्ये आली की पाणी आत येणार. तेव्हा मिशी काढा. मी काय म्हणतो, सल्ला देणाऱ्याने समोरच्याचा चेहरा तरी बघावा. माझी मिशी माझ्या वडिलांच्या मिशीसारखी आहे. कचेरीत माझ्या सहीपेक्षा तिला जास्त मान आहे. निक्तेही म्हणाली, "पापा, काढ ना, परत येईल." मी म्हटलं, "ते कासव मला आयुष्यात पहिल्यांदाच बघणार. त्याला अर्धवट चेहरा कशाला दाखवू?" सगळे हसले, आणि मला वाटलं की मी जिंकलो. आता वाटतं, तिने मागून मागून काय मागितलं होतं? चार केस.

शेवटी तोडगा सासूबाईंनी काढला. मिशीला डुकराची चरबी थापायची. चरबी थापली की पाणी आत यायची बिशाद नाही, असं त्यांचं मत. त्यांनी डब्यात भरून दिलीसुद्धा.

रविवारी सातला निघायचं होतं, म्हणजे आम्ही नऊला निघालो. नेल्सी पहाटेपासून रांधत होती. खड्ड्यात भाजलेलं डुकराचं मांस म्हणजे कोचिनीता, काळ्या घेवड्याचं सारण भरलेल्या मक्याच्या पोळ्या म्हणजे पानुचो, गुलाबी कांदा, हिरव्या मिरचीचा तो जिवावर उठणारा ठेचा, असं सगळं व्हॅनच्या मधल्या वाटेत होतं आणि आम्ही पाय वर घेऊन बसलो होतो. प्रोफेही आले होते. त्यांना कुणी बोलावलं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा भिंतीने.

किनाऱ्यावर पोचलो तर कासवांच्या भागात जाण्याआधी एक चौकी होती आणि चौकीत टेबलामागे अ‍ॅडी नावाची वाटाडी बाई बसली होती. गळ्यात शिट्टी, बाजूला तरंगणाऱ्या जाकिटांचा ढीग. मी म्हटलं, "दोघंजण. मी आणि माझी मुलगी." तिने वर न बघता सांगितलं, "आत्ताची तुकडी भरली. दोनला या."

ती ज्या सुरात म्हणाली तो सूर माझा होता. तोच थंडपणा, तीच खाली घातलेली मान. खिडकीच्या या बाजूने तो कसा ऐकू येतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी बरंच काही बोलणार होतो, पण मला माहीत होतं की खिडकीशी वाद घातला की दोनचे चार होतात. मी "बरं" म्हणून मागे फिरलो. नियम तेवढे तिने ऐकवले: एका वाटाड्यामागे सहाजण, जाकीट घातलंच पाहिजे, कासवाला हात लावायचा नाही, आणि पाण्यात जाण्याआधी अंगावर क्रीम, तेल, लोशन काहीही चालणार नाही, त्याने समुद्र खराब होतो.

दोन वाजेपर्यंत करायचं काय, म्हणून नेल्सीने झाडाखाली जेवण मांडलं. मी म्हटलं, "कोमाद्रे, माफ करा, आम्हा दोघांना पाण्यात जायचंय, आम्ही नंतर खातो." नेल्सीने हातातला पानुचो परत भांड्यात ठेवला. पहाटे उठून धर्माच्या लेकीसाठी केलेला पानुचो असा परत भांड्यात जाताना ज्याने बघितलाय त्यालाच कळेल. विल्बर्थ समुद्राकडे बघू लागला. लांदीने माझ्या पायावर पाय दिला. निक्ते म्हणाली, "एक घेऊ या पापा, एकाने काय होतंय." एकाचे किती झाले कोण जाणे. कोचिनीता नेल्सीच्या हातचीच खावी, एवढंच सांगतो.

पावणेदोनला मी हात धुऊन उठलो, तशा सासूबाई म्हणाल्या, "कुठे निघालास?"

"पाण्यात."

"जेवून? आता दोन तास पाण्याचं नाव काढायचं नाही. पोटात गरम, बाहेर गार. तोंड वाकडं होतं."

"आजी, डॉक्टर म्हणतात असं काही नसतं," निक्ते म्हणाली.

"डॉक्टरांनी माझ्या भावाला बघितलं नव्हतं. जेवून समुद्रात गेला आणि मरेपर्यंत उजव्या बाजूने हसत होता." त्यांनी उजव्या बाजूने हसून दाखवलं. "मंगळवारी पोरीला विमानात बसायचंय. वाकडं तोंड घेऊन गेली तर पासपोर्टावरचा फोटो जुळेल का? तू कचेरीतला माणूस, तूच सांग."

हा मुद्दा बिनतोड होता. माझ्या कचेरीत तरी जुळला नसता. लांदीने आईची बाजू घेतली, नेल्सीने छातीवर क्रूस काढला, प्रोफे म्हणाले की शास्त्र काहीही म्हणो, धोका कशाला पत्करा. निक्ते वाळूत परत बसली. मी चौकीवर जाऊन दोनची जागा सोडली आणि चारची मागितली. अ‍ॅडीबाई म्हणाली, चारची तुकडी आजची शेवटची.

त्या दोन तासांनी घात केला. पोट भरलेली, कंटाळलेली माणसं समुद्राकडे बघत बसली की त्यांना कासवं आठवतात. साडेतीनला विल्बर्थ म्हणाला की एका तुकडीत सहाजण चालतात आणि तुम्ही दोघंच जाणार, म्हणजे चार जागा परक्या लोकांना जाणार. आपली माणसं असताना. नेल्सी म्हणाली, लेकीबरोबर एकदा जावंच. प्रोफे म्हणाले, त्यांना अभ्यासाच्या दृष्टीने यायला हवं. मी शेवटची आशा म्हणून सासूबाईंकडे बघितलं, तर त्या नक्षीदार ऊईपील झग्यावरूनच तरंगजाकीट चढवत होत्या. सहा झाले; बाकीचे किनाऱ्यावर राहिले, आणि लांदीने तर नावच काढलं नाही, कारण मंगळवारसाठी केस सेट केले होते.

मी निक्तेच्या कानाशी म्हटलं, "हात सोडू नकोस. आपण जरा बाजूला राहू."

"नाही सोडत," ती म्हणाली.

पाण्याआधी नळाखाली उभं राहायचं होतं. मी तेवढ्यात आडोशाला जाऊन मिशीला चरबी थापून आलो. अ‍ॅडीबाई आमच्या रांगेवरून फिरत माझ्यापाशी थांबली.

"हा वास कसला?"

"चरबीचा," मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, उन्हात ती हनुवटीवर उतरत होती.

"धुऊन या."

"बाई, तुमच्या नियमांत क्रीम, तेल आणि लोशन आहे. चरबी नाही." आयुष्यभर मी कागदावर काय लिहिलंय त्याच्या जोरावर लोकांना परत पाठवत आलो. काय लिहिलेलं नाही त्याच्या जोरावर आत शिरायची ही माझी पहिलीच वेळ. मी आवाजही कचेरीचाच लावला होता. अ‍ॅडीबाईने कमरेचं यंत्र तोंडाशी धरलं आणि म्हणाली, "साहेब, एक गृहस्थ फोडणीला तयार होऊन आलेत. काय करू?" यंत्रातून बराच वेळ फक्त हसू येत होतं. मागच्या रांगेतही ते पसरलं. निकाल माझ्या विरुद्ध लागला हे सांगायला नकोच.

नुसत्या पाण्याने चरबी जाईना, आणि साबणालाही बंदी. तेव्हा नेल्सी धावत जाऊन उरलेल्या मक्याच्या तोर्तिया घेऊन आली आणि तिने भर किनाऱ्यावर, एवढ्या लोकांसमोर, तोर्तियांनी माझी मिशी पुसली. मी मान वर करून उभा होतो. विल्बर्थने माझी हनुवटी धरली होती. तीस माणसं बघत होती आणि त्यातली अर्धी फोटो काढत होती. अशा प्रसंगी माणसाने समोर क्षितिजाकडे बघावं, असं मी त्या दिवशी शिकलो.

एवढं करून आम्ही पाण्यात गेलो. जाकीट मला कानांपर्यंत आलं. निक्तेने माझा हात धरला, मी तोंड पाण्यात घातलं, आणि चष्म्यात पाणी शिरलं. मिशीच्या दोन्ही टोकांनी शिरलं. शिवाय जी थोडी चरबी केसांत दडून राहिली होती ती आतल्या काचेवर पसरली, त्यामुळे मला सगळा समुद्र वरणाच्या वरच्या पाण्यासारखा दिसू लागला. मी डोकं वर काढलं, चष्मा उचलून रिकामा केला, पुन्हा लावला, पुन्हा खाली गेलो, पुन्हा पाणी. नळीतूनही एक घोट आला. झोळीत असं काही होत नव्हतं.

आजूबाजूला मात्र आमच्या माणसांचा उत्सव चालला होता. सासूबाईंना अ‍ॅडीबाई गोल ट्यूबला धरून ओढत होती, त्यांचा झगा फुलासारखा पसरला होता आणि त्या नळीतून सतत काहीतरी बोलत होत्या. मग शिट्टी एकदा हलकेच वाजली. सगळ्यांचे हात एकदम खाली वळले. कासव आलं होतं.

मी डोळे ताणून बघितलं. खरंच सांगतो, फुटेस्तोवर ताणले. एक हिरवट काहीतरी हललं. ते प्रोफेंचं पाऊलही असेल. पाणी डोळ्यांत गेलं, नाकात गेलं, मी खोकलो, नळी सुटली, पाय मारायला गेलो तर उलटा झालो, आणि निक्तेने मला दोन्ही हातांनी धरून सरळ केलं. मी परत खाली तोंड घातलं. परत पाणी. परत तिने सरळ केलं. असं किती वेळ चाललं देवाला ठाऊक. मग लांब शिट्टी वाजली. वेळ संपली होती.

निक्तेने चष्मा कपाळावर सरकवला. केस चेहऱ्याला चिकटलेले, डोळे मोठे. अगदी शाळेतल्यासारखी दिसत होती.

"दिसलं, पापा?"

त्या चेहऱ्याकडे बघून तुम्ही काय म्हणाला असतात?

"दिसलं," मी म्हटलं. "काय सुरेख होतं गं."

"हो ना," ती म्हणाली, आणि मला घेऊन किनाऱ्याकडे निघाली.

परतीच्या व्हॅनमध्ये जो तो कासव सांगत होता. सासूबाईंना तीन दिसली होती आणि त्यातलं एक त्यांच्या वारलेल्या बहिणीसारखं होतं. "एवढ्या एकात आमची आई तीन घरांना रस्सा घालायची," त्या म्हणाल्या. "तेव्हा बंदी नव्हती." हे त्यांनी किनाऱ्यावर अ‍ॅडीबाईलाही सांगितलं होतं, आणि तिने निमूटपणे त्यांची ट्यूब परत घेतली होती. प्रोफेंनी कासवाची लांबी, रुंदी आणि वय सांगितलं. विल्बर्थला नुसतं आठवूनच रडू येत होतं. मग सगळे माझ्याकडे वळले, तेव्हा मीही सांगितलं. थोडं सासूबाईंचं घेतलं, थोडं प्रोफेंचं. निक्ते खिडकीला डोकं टेकून ऐकत होती.

मंगळवारी सकाळी विमानतळावर तीच व्हॅन, तीच माणसं. नेल्सीने जेवण आणलं होतं. सामान तपासायच्या रांगेपर्यंत एकालाच बरोबर जाता येईल असं शिपायाने सांगितलं, आणि कसं कोण जाणे, सगळ्यांनी मला पुढे ढकललं. त्या सबंध आठवड्यात आम्ही दोघंच असे पहिल्यांदाच उभे राहिलो होतो. मी तिच्या बॅगेचं चाक बघत होतो.

"पापा, एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"मला कासव दिसलंच नाही."

मी मान वर केली.

"तू सारखा उलटा होत होतास," ती म्हणाली. "मी तुझ्याकडेच बघत होते. सगळे खाली बघा, खाली बघा म्हणत होते, पण खाली बघितलं आणि तेवढ्यात तुझा हात सुटला असता तर? मग शिट्टीच वाजली." ती हसली. "जाऊ दे. तुला दिसलं ना, मग झालं. एकाला दिसलं म्हणजे दोघांना दिसलं."

आमच्या तुकडीतल्या बाकी सगळ्यांना ते कासव दिसलं होतं. कोंपाद्रेला दिसलं, नेल्सीला दिसलं, रस्सा आठवणाऱ्या सासूबाईंना तर तीन दिसली. ज्या दोघांनी त्याची इतकी वर्षं वाट बघितली तेवढे दोघंच तसेच परत आले. खरं सांगावं असं मनात आलं. तोंड उघडलंही. पण खरं सांगितलं असतं तर पोरगी त्या बर्फात काय घेऊन जाणार होती? ते कासव माझ्यापायी गेलं होतं. त्या क्षणी मला माझी मिशी मुळापासून उपटावीशी वाटली.

"कसं होतं रे?" तिने विचारलं. "व्हॅनमध्ये एवढा गोंधळ होता, नीट ऐकूच आलं नाही."

"मोठं होतं," मी म्हटलं. "म्हणजे या बॅगेपेक्षा मोठं. तळाशी गवत खात होतं. अजिबात घाई नव्हती त्याला."

"आणि पाठ?"

"पाठ तपकिरी. कडेला हिरवट. तिच्यावर ऊन पडलं होतं ना, ते सारखं हलत होतं."

रांग पुढे सरकली. तिने बॅग ओढली, मीही तिच्याबरोबर सरकलो.

"मग?"

"मग वर आलं. श्वास घेतला. आणि आपल्या दोघांच्या मधून खाली गेलं."

"मधून?"

"मधून. तू माझा हात धरला होतास ना, त्याच्या खालून. आणि जाता जाता मान वळवून त्याने बघितलं आपल्याकडे."

आता तिचा नंबर आला होता. शिपाई मला हाताने मागे व्हा म्हणत होता. तिने पासपोर्ट काढला, पण पुढे गेली नाही.

"एकदाच बघितलं?"

"नाही," मी म्हटलं. "थोडं लांब गेल्यावर परत एकदा वळून बघितलं."